पत्र्यावरचा ताल

एस्तेरमावशीच्या रश्शात काहीही नव्हतं.

हे वाक्य मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, पाळकसाहेबांपुढंही नाही. रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणतो, तेव्हा माझा आवाज शेजारच्याइतकाच मोठा असतो. सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली कबुली कुणा एकट्याची नसते, हे मला या सात वर्षांत चांगलं कळलंय. त्या सुरात आरामात लपून बसता येतं. आज एकटा लिहायला बसलो तर वाक्य एवढंसं निघालं. चार शब्दांचं. मला वाटत होतं, फार मोठं असेल.

सुगी आली की आमच्या गावच्या हवेला वास सुटतो. गाव इमामपूरच्या घाटाच्या माथ्यावर, त्यामुळं वारा भरपूर. खुडून झालेल्या बाजरीच्या सरमाडाचा वास, ज्वारीच्या पेरणीसाठी उघडलेल्या ओल्या रानाचा वास, कांद्याच्या रोपांना दिलेल्या पाण्याचा वास. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जायला लागतात आणि त्यांच्या मागं पाचट उडत राहतं. या दिवसांत माणसं उगाच खुशीत असतात. शिवारात कुणी भेटलं तर दोन शब्द जास्त बोलतं. मीही बोलतो. पण त्या सगळ्या वासांच्या खाली मला एक वास येतो, तो दुसऱ्या कुणाला येत नाही. डिझेलचा, जळक्या, कोंडलेल्या धुराचा.

यंदा याच दिवसांत माझ्या पिकअपचा सायलेन्सर भर रस्त्यात पडला. गाडी जुनी आहे. एका कांदा व्यापाऱ्याकडून मी ती घेतली तेव्हाच ती जुनी होती. कांदा, कडबा, दुधाचे कॅन, कुणाच्या लग्नाची भांडी, असं सगळं तिनं वाहिलंय. घाटाखाली चहाच्या टपरीसमोर खाली काहीतरी तुटलं आणि मोठं घंगाळ दगडावरून फरफटत न्यावं तसा आवाज सुरू झाला. गाडी बाजूला घेतली. वाकून पाहिलं तर मधला पाइप सडून तुटलेला, सायलेन्सर एका रबरावर लोंबतोय. टपरीवरच्या माणसांना तेवढंच निमित्त.

"शमुवेलदादा, गाडीनं आतडं टाकलं की!"

"दादा, ऱ्हाऊ द्या तसंच. गाव जागं करायला भोंगा नको."

मी हसलो. माझं हसू असं वेळेवर येतं. तारेनं सायलेन्सर वर बांधला आणि फटफट आवाज करत घाट चढलो. चढताना दोन्ही काचा खाली घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सात वर्षांची सवय.

सात वर्षांपूर्वीही सुगीच होती आणि सायलेन्सरच गेला होता. नगरच्या अलीकडं रस्त्याला लागून रशीदभाईंची वेल्डिंगची शेड आहे. लिंबाच्या झाडाखाली चार पत्रे, एक ग्राइंडर, आणि मागं जुन्या पाइपांचा ढीग. रशीदभाई गाडीखाली झोपतात आणि पान्याच्या बुडानं पाइपावर ठोकत ठोकत पुढं सरकतात. चांगला पाइप टणकन वाजतो, सडलेला थप्प वाजतो. डोळ्यांनी बघायच्या आधी ते कानानं बघतात. त्या दिवशी पुढून मागं सगळं ठोकून ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले,

"दादा, तोंडाचं पॅकिंग गेलंय, सायलेन्सर गेलाय, आन मागची शेपटीबी गेलीय. तिन्ही बदला."

शेपटी म्हणजे सायलेन्सरपासून गाडीच्या पार मागच्या टोकापर्यंत जाणारा पाइप. धूर गाडीबाहेर सोडायचं काम तो करतो.

"नवं न्हाई परवडत," मी म्हणालो.

"नवं कोन म्हनतंय? याच गाडीचा जुना सायलेन्सर हाय माझ्याकडं, चांगला वाजतोय. पॅकिंग तेवढं नवं घ्या. शेपटीला साधा पाइप वाकवून देतो."

म्हणजे स्वस्तातला रस्ता त्यांनीच दाखवला होता. तो अगदी चांगला रस्ता होता. पण माझा स्वभाव असा, की कुणी कमी सांगितलं तर मला त्याहून कमी सुचतं. अडचण होती असं म्हणून मी सुटू शकलो असतो, पण अडचण नव्हती. चिकटपणा होता. मी म्हणालो, "शेपटी ऱ्हाऊ द्या. पुढच्या येळी बघू. ती काय नुसती शोभेला."

रशीदभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "शोभेला नसती, दादा. ती न्हाई लावली तर धूर हौद्याखालीच सुटनार. तुमच्या हौद्याचा पत्रा सडलाय, भोकं पडलीत. कांदा वाहायचा असंल तर चालंल. मानसं बसवू नका."

"मानसं कुठं बसवतो मी?"

"बसवू नका, एवढंच म्हनतो. वर ताडपत्री टाकून तर आजिबात न्हाई."

"न्हाई बसवत."

ही त्या सुगीतली माझी पहिली लबाडी. पुढच्याच रविवारी मला हौद्यात माणसं बसवायची होती, आणि ते मला तिथं उभा असतानाच माहीत होतं.

आमच्यात सुगीचा सण असतो. पीक घरात आलं की त्यातला पहिला वाटा चर्चमध्ये न्यायचा. दरवर्षी आजूबाजूच्या पाच-सहा गावांचा मिळून एका गावी सण होतो. बाजरीची पायली, कांद्याची गोणी, भोपळे, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणाच्या घरी काहीच नसेल तर अंडी, असं सगळं वेदीपुढं मांडलं जातं. प्रार्थना झाली की बाहेर मांडवात लिलाव. तो लिलाव बघण्यासारखा असतो, कारण त्यात घेणाऱ्याला वस्तू नकोच असते. एकानं भोपळा घ्यायचा, तसाच टेबलावर परत ठेवायचा, मग दुसऱ्यानं घ्यायचा. एक अंडं मी आठ जणांकडं फिरताना पाहिलंय. शेवटच्यानं घेतलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आता लवकर घरी न्या, न्हाईतर वाटंतच पिल्लू निघंल!"

आणि मग जेवण. प्रीतिभोजन म्हणतो आम्ही त्याला. ते रांधायचा मान आमच्या गावच्या एस्तेरमावशीचा. कुणी तो दिला नव्हता, वर्षानुवर्षं त्या रांधत आल्या म्हणून तो त्यांचा झाला. नवरा लवकर गेलेला, बालवाडीत लेकरं सांभाळून दिवस काढले. एरवी चार माणसांत बोलायच्या नाहीत. पण सणाच्या दिवशी पहाटे चुलवण पेटलं की मांडवातले सगळे पुरुष त्यांच्या हाताखाली. "लाकूड काढ. काढ म्हनते ना. तुझं लगीन न्हाई लावायचं, रस्सा शिजवायचाय." त्यांचा स्वतःचा लांब दांड्याचा डाव होता, तो फडक्यात गुंडाळून त्या घरून आणायच्या. रश्शाची चव कधी घ्यायच्या नाहीत. वाफेवर तळहात धरायच्या, तोच नाकाशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "झालं."

त्यांची एक रीत होती. पहिली वाटी पाळकसाहेबांना नाही, पाहुण्यांनाही नाही, ती गाडीवाल्याला. "ज्यानं समद्यास्नी आनलं, त्यानं आधी खावं." वर्षानुवर्षं ती पहिली वाटी मी खाल्ली. शिळ्या भाकरीचा तुकडा मोडून वाटीत टाकायचा, त्यावर गरम रस्सा. जीभ पोळायची. मावशी समोर उभ्या राहून माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. मी मान हलवली की पहिली पंगत बसायची.

त्या वर्षी सण घाटाखालच्या गावी होता. जाताना ऊन होतं, हौदा उघडा होता. हौद्याच्या पत्र्यातल्या भोकांवर मी गोणपाट अंथरलं होतं. लोकांना वाटलं, बसायला मऊ म्हणून. जाताना आमच्या भजनी मंडळाच्या बायका गात होत्या आणि केबिनच्या मागच्या पत्र्यावर थापा मारून ताल धरत होत्या. हीही जुनी रीत. ढोलकी पेटीखाली अडकलेली असायची, मग माझ्या केबिनचा पत्राच ढोलकी व्हायचा. माझ्या डोक्यामागं तो ताल वाजायचा. मला आवडायचा. सगळ्या गावाची गाडी मी चालवतोय, असं वाटायचं.

मटण त्या दिवशी उशिरा आलं होतं. पंगती लांबल्या. आमचं गाव वाढायला होतं, म्हणून आम्ही शेवटी बसलो. मावशी सगळ्यात शेवटी. दुपार कलल्यावर निघालो, तर परतीच्या पावसाची भुरभुर सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "ताडपत्री टाका की, लेकरं भिजत्यात." माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. नको, धूर साठतो, असं म्हणायचं होतं. म्हणजे मग रशीदभाईंनी काय सांगितलं ते सांगावं लागलं असतं. शेपटी का लावली नाही, ते सांगावं लागलं असतं. मी खाली उतरलो, कमानींवर ताडपत्री ओढली आणि माझ्या हातानं चारी बाजूंनी दोरी आवळली. मागची बाजूही.

मावशींचा गुडघा दुखायचा, म्हणून त्या पुढं केबिनमध्ये माझ्या शेजारी. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला डाव.

घाटाला लागलो तर पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, एवढा ऊस की रस्ता दिसत नाही. त्याच्या मागं पहिल्या गिअरमध्ये, थांबत, परत उचलत. त्या दिवसांत वारा घाटाखालून वर येतो, म्हणजे आमच्या मागून. मागं गाणं चालू होतं, मग कमी झालं. मग थांबलं.

"वास कसला रे?" मावशींनी विचारलं.

"पुढच्या ट्रॅक्टरचा हाय."

थोड्या वेळानं मागच्या पत्र्यावर थाप पडली. मग परत. दोन, तीन, मग एकदम चार-पाच.

"ठोकत्यात," मावशी म्हणाल्या. "थांबव जरा."

"ताल धरत्यात, मावशी."

"गानं कुठाय?"

ताल कसा असतो ते मला माहीत होतं. त्या थापा कशाही पडत होत्या, वर-खाली, एक पंजाची, एक मुठीची. घाटात थांबलो तर मागून येणारी गाडी धडकेल, चढावर गाडी उचलणार नाही, माथा आता आलाच, अशी कारणं मी त्या एकेका थापेला देत गेलो. कारणं खरी होती. पण मी थांबलो नाही ते त्या कारणांमुळं नव्हे, हेही खरं. मग थापा बंद झाल्या. त्या बंद झाल्या तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड गेलं, म्हणून लिहितोय. बरं वाटलं.

माथ्यावर गाडी थांबवून दोरी सोडली. ताडपत्रीखालून आलेली ती गरम, काळी हवा माझ्या तोंडावर आली. बायका भोपळ्यांवर, गोण्यांवर आडव्या. कुणी बाहेर वाकून ओकत होतं, कुणी डोकं धरून रडत होतं. माझ्या चुलतभावाची सून कमल शुद्धीवर नव्हती. दोन लहान लेकरं झोपल्यासारखी मऊ पडलेली, गाल लाल. पाऊस त्यांच्या तोंडावर पडला आणि एकानं डोळे उघडले. ते डोळे उघडले नसते तर, हा विचार मी अजूनही पुरा करत नाही. ताडपत्री काढून टाकली आणि तसाच नगरला दवाखान्यात गेलो. तोंडावर पाऊस घेत सगळी बऱ्यापैकी सावरली. कमलही वाटेतच हलायला लागली.

दवाखान्यात डॉक्टर घाईत होते. एकाच वेळी नऊ माणसं, सगळी ओकणारी, सणाच्या कपड्यांतली. त्यांनी सगळ्यांच्या मनात पहिला येईल तोच प्रश्न विचारला.

"काय खाल्लं होतं?"

तो प्रश्न मला होता. पुढं मीच उभा होतो. माझ्या हाताला दोरीचे वळ होते, शर्टाला धुराचा वास होता.

मी म्हणालो, "मटनाचा रस्सा. शेवटच्या पंगतीला. मटन उशिराच आलं हुतं."

दुसऱ्या कुणी नाही. मी म्हणालो. गावानं नंतर जे म्हटलं ते माझंच म्हटलेलं पुढं फिरत गेलं.

सगळ्यांना सलाईन लावली, सकाळपर्यंत सगळे घरी. जेवणातून बाधा झाली, असं ठरलं. डोकी का दुखत होती, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या गावची माणसं का आजारी पडली नाहीत, याला उत्तर तयार होतं, आम्ही शेवटी बसलो होतो, तळाचा रस्सा आमच्या ताटात आला. मावशी एकदाच बोलल्या, चर्चच्या पायरीवर. "मीबी त्याच पातेल्यातलं खाल्लं." त्यावर कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमचं पोट पक्कं झालंय." लोक हसले. मीही तिथंच चपला घालत होतो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं का? मला आठवत नाही. म्हणजे मी वर बघितलंच नाही.

सणानंतर दोन दिवसांनी मी गाडी घेऊन नगरला गेलो. रशीदभाईंकडं नाही, पार दुसऱ्या टोकाला, ओळख नसलेल्या एका वेल्डरकडं. शेपटी लावून घेतली. घरी बायको सुमननं विचारलं, "आवाज बदललाय का गाडीचा?" मी म्हणालो, "न्हाई." ती अजून कधीकधी म्हणते, "तुमी सनाच्या दिवसांत असं का करता हो? जेवत न्हाई, बोलत न्हाई." मी म्हणतो, कामाचा ताण.

पुढच्या वर्षीपासून प्रीतिभोजन बाहेरच्या आचाऱ्याकडं गेलं. मंडळीच्या बैठकीत ठराव बिराव काही झाला नाही. कुणीतरी म्हणालं, "आता मावशीचं वय झालंय, किती दगदग," आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही मान हलली. कुणाचा अपमान न करता माणसाला कसं बाजूला करायचं, हे आम्हा लोकांना फार चांगलं जमतं. आता पांढरी टोपी घातलेली पोरं वाढतात. पहिली वाटी गाडीवाल्याला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मला तर ते फारच बरं.

पण खरं काय झालं ते मला तिसऱ्या वर्षी दिसलं. वाडीत एका घरी म्हातारा वारला होता. अशा घरी चूल पेटत नाही, शेजारपाजार भाकरी-कालवण नेऊन देतं, जबरदस्तीनं दोन घास खायला लावतं. मी तिथं ओट्यावर बसलो होतो. मावशी डबा घेऊन आल्या, गुडघा धरत पायरी चढल्या, डबा आत दिला आणि गेल्या. सगळे डबे उघडले. ताटं झाली. त्यांचा डबा कोपऱ्यात तसाच. जेवणं झाल्यावर घरातल्या सुनेनं तो उचलला आणि कुणाशी न बोलता पोरीच्या हाती परत पाठवला. झाकणही न उघडता. मी हात पुढं करून म्हणू शकलो असतो, आण इकडं, मी खातो. त्याला धाडस लागत नव्हतं. कबुलीही लागत नव्हती, नुसती भूक लागत होती. मी पाणी प्यायलो आणि उठलो.

भरला डबा हातात परत आल्यावर त्यांनी काय केलं असेल? एकटी बाई. ते सगळं एकटीनंच खाल्लं असेल.

यंदा सायलेन्सर पडला तेव्हा मी ठरवलं, की या वेळी अर्धवट काही करायचं नाही. नवा संच अजूनही मला जास्तच वाटतो, स्वभाव काही जात नाही. पण जुन्यातून चांगलं निवडून, सगळं करायचं. दोन दिवस गंजलेल्या बोल्टांना अंगणात तेल पाजत राहिलो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सुमन म्हणाली, "दुखन्याला औषध लावावं तसं लावताय." तिसऱ्या दिवशी बोल्ट सुटले, एकच मोडला. मग रशीदभाईंकडं गेलो. त्यांच्या ढिगातून सायलेन्सर काढला, ठोकून पाहिला, टणकन वाजला. पॅकिंग नवं घेतलं, सायलेन्सर टांगायची रबरं सगळी नवी. रशीदभाई आता पांढरे झालेत. गाडीखाली जायला वेळ लागतो. आत जाऊन त्यांनी शेपटीवर पान्यानं दोनदा ठोकलं.

"दादा, ही शेपटी मी न्हाई लावलेली."

"व्हय. लावून घेतली हुती."

"टाका माझा न्हाई. माझा टाका मला कळतो." परत एकदा ठोकून, "जुना हाय पन. कवा लावली?"

"झाली की वर्षं."

गाडीखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते. "तुमच्या सनाला लोकांला बाधा झाली हुती, तेच साल का?"

"असंल."

"मानसं बसवली हुती का तवा?"

सात वर्षांत मला कुणी सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न. विचारणारा माणूस आमच्या मंडळीतला नव्हता, गावातला नव्हता. त्याला सांगून माझं काहीही गेलं नसतं. मी म्हणालो, "न्हाई."

"बरं," एवढंच ते म्हणाले.

काम झाल्यावर त्यांनी गाडी चालू करायला सांगितलं आणि ओल्या फडक्याचा बोळा करून शेपटीच्या तोंडावर दाबून धरला. तोंड बंद केलं की धूर दुसरीकडून वाट काढतो. कुठं सांधा कच्चा असेल तर तिथं फुस्स वाजतं. ते कान देऊन ऐकत होते. मी केबिनमध्ये बसून होतो आणि खाली बघत होतो. कुठूनही काही वाजलं नाही. त्यांनी बोळा काढला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "गाडी पास झाली, दादा."

मागच्या आठवड्यात मी घाटाखालून रिकामी गाडी घेऊन येत होतो, तर फाट्यावर एस्तेरमावशी उभ्या. गुडघ्याचं औषध आणायला गेल्या होत्या. थांबलो. त्या वर चढल्या, मीच हात दिला. हात हलका झालाय आता. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, डाव धरायच्या तशीच. घाट लागला. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. पहिला गिअर. मागं हौदा मोकळा, गाडीला आवाज नाही.

"आज वास न्हाई येत," त्या म्हणाल्या.

"समदं बदललंय, मावशी."

"तवा येत हुता."

ट्रॅक्टर थांबला, आम्ही थांबलो. ट्रॅक्टर हलला, आम्ही हललो. मावशी समोरच्या उसाकडं बघत होत्या.

"शमुवेला, त्या तवा ताल धरत नव्हत्या ना रे?"

माझे हात स्टेअरिंगवर होते. घाटात ते सोडता येत नाहीत. तोंड लपवायला हातही नव्हते.

"नव्हत्या, मावशी."

माथा आला. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली.

"म्हंजी मटन चांगलं हुतं."

"चांगलं हुतं."

"मी सात वर्सं इचार करते. उशिरा आलं हुतं, मी घाई केली. नीट धुतलं का न्हाई. रोज रातच्याला धुते मी ते मटन. ती लेकरं आठवत्यात." मग एकदम माझ्याकडं वळून, "आन मीठ?"

"मीठबी बरोबर हुतं, मावशी. समदं बरोबर हुतं."

त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, मला काही बोलल्याही नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या दारापाशी गाडी थांबवली. उतरून त्यांनी दार लावलं, मग खिडकीला हात लावून उभ्या राहिल्या.

"मला सांगून काय उपेग?" त्या म्हणाल्या. "ज्यांनी तुझं ऐकलं, त्यास्नी सांग."

यंदाचा सण आमच्याच गावी आहे, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी. आचारी ठरलाय. सामान आणायला गाडी अर्थातच माझी. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय. लिलावाआधी, सगळे मांडवात बसलेले असताना, उभं राहून म्हणायचं, की रश्शात काही नव्हतं, गाडीचा धूर होता, मला तो ठाऊक होता, थापा मी ऐकल्या होत्या, आणि डॉक्टरांना मटणाचं नाव मी सांगितलं. गोठ्यात म्हशींपुढं दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा 'थापा मी ऐकल्या होत्या' हे वाक्य गळून गेलं.

एस्तेरमावशीचं मी एवढं देणं लागतो. त्यांना एकट्यांना गाडीत जे सांगितलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं, एकही वाक्य न गाळता. ते मी अजून दिलेलं नाही.